सिस्टर आणि पाचव्या पोरीची हिस्ट्री

मला एकशे दोन ताप होता आणि सिस्टर माझ्या उशाशी बसून कपाळावरची ओली पट्टी बदलत होत्या. दोन पट्ट्यांच्या मधल्या वेळात करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या उशीखालचं पुस्तक ओढून काढलं. मांगा होता तो, म्हणजे जपानी चित्रकथा, इंग्रजीत आलेली. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. सिस्टरना हे कोण सांगणार? त्यांनी आपल्या पुस्तकासारखं डावीकडून उघडलं आणि त्या थेट शेवटच्या प्रकरणात जाऊन पडल्या.

मी डोळे उघडले तेव्हा पट्टी वाळून कडक झाली होती आणि सिस्टर पदरानं नाक पुसत होत्या.

"हे लेकरू धक्क्यावर कोणाची वाट पाहून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"आईची. आई बोटीनं निघून गेलीय. ती येत नाही परत."

"मले वाटलंच." त्यांनी पुस्तक मिटून काखेत घातलं. "हे मी घेऊन जातो. तू झोप."

विदर्भाकडच्या कित्येक बायांसारख्या त्या स्वतःबद्दल 'जातो, येतो' म्हणत. मी अमरावतीची, मला त्यात काही नवल नव्हतं. नवल हे, की ज्या बाईनं छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, नाना तऱ्हेची रडारड पाहिली, ती एका कागदावरच्या पोरीसाठी रडत होती.

रायपूरला मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला आले होते. लॅब समता कॉलोनीत, आणि राहायला पुरानी बस्तीत सिस्टरच्या घराची मागची खोली. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. शेजारचे ऐंशीचे आजोबाही सिस्टर म्हणत आणि त्यांचा नातूही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्या घरात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून फिरत आणि घड्याळ ब्लाउजला उलटं टाचत. कोणाचाही हात हाती आला की नाडी मोजायची, ही सवय तर सुटलीच नव्हती. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी द्यायला हात पुढं करी, तो अर्धं मिनिट अडकून पडे. "भैया, चाय कम करो," असं ऐकूनच त्याची सुटका होई.

आता, ती मालिका विनोदी होती हे मला मुद्दाम सांगायला हवं. समुद्रकाठचं एक गाव, तिथं आजोबांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात बसणारा एक मुखदुर्बळ पोरगा, आणि त्याच्या मागं लागलेल्या पाच पोरी. अशा मांगांना 'हॅरेम' म्हणतात. म्हणजे पोरगा सारखा घसरून पडतो, तोही नेमका कुठल्या तरी पोरीच्या अंगावर. ती त्याला पाना फेकून मारते. त्याच्या नाकातून रक्ताचं कारंजं उडतं. मग कधीतरी, सात-आठ प्रकरणांच्या धिंगाण्यानंतर, एखाद्या पोरीची जुनी दुखरी गोष्ट येते आणि चार-पाच पानं चित्रांतला आवाजच बंद होतो.

सिस्टर ती चार-पाच पानंच वाचत. बाकीचं सगळं त्यांच्या मते दवाखान्याबाहेरची गर्दी होती. पण गर्दीकडंही त्यांचं लक्ष असायचं.

"हा पुन्हा पडला," त्या म्हणत. "दुसऱ्या भागापासून पाहून राहिलो मी. याले कानाच्या डॉक्टरकडे न्या. बॅलन्स कानात असते."

"सिस्टर, तो विनोद आहे."

"अन् हे नाकातलं रक्त? या वयात? बीपी घेतला का कोणी त्याचा?"

दुखऱ्या गोष्टीला त्यांचा शब्द होता, हिस्ट्री. पेशंट आला की आधी हिस्ट्री घ्यायची, मग औषध. "ही मारकुटी आहे ना, हिची हिस्ट्री पाहिली का तू? आई बोटीनं गेली. आता ही कोणाले जवळच येऊ देत नाही. आधीच पाना फेकून मारते." दुसरी, कायम पुस्तकात डोकं घालून बसणारी, लहानपणी तोतरी बोलायची आणि वर्ग हसायचा. तिसरी गर्भश्रीमंत, तिचं जेवण बारा माणसांच्या टेबलावर एकटीचं. चौथी पोराची शेजारीण, तिचा धाकटा भाऊ आजारात गेला तेव्हा घरात सगळे इतके रडले की हिला रडायला जागाच उरली नाही. सिस्टरनी या चौघींच्या हिस्ट्रीच्या पानांत पट्ट्या घालून ठेवल्या होत्या, त्यांच्या जुन्या ईसीजीच्या कागदाच्या.

पोरगा शेवटी कोणाला मिळणार, यात त्यांना तसूभर रस नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "कोणालेही मिळो. मले पोरींची काळजी आहे. पाच-पाच पोट्ट्या अन् एकीच्याही घरी विचारणारं माणूस नाही!"

आमच्या खोलीत दुसरी होती सरिता. धमतरीजवळच्या गावातल्या प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरांची मुलगी, बँकेच्या परीक्षेच्या क्लाससाठी आलेली. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीत देई. आणि हसे. इतकं हसे, की गल्लीतली कुत्री तिला ओळखत. तिनं मांगातला फक्त धिंगाणा वाचायला घेतला. रोज संध्याकाळी अंगणात ती पाचही पोरींचे आवाज काढून दाखवी आणि पोरगा पडला की स्वतः पडून दाखवी. सिस्टर तिच्यासमोर खुर्चीत बसून हिस्ट्री वाचत. एकच पुस्तक, एकीनं रडून संपवायचं, एकीनं हसून, आणि दोघींना नवा भाग आणून द्यायचा मी.

अडचण झाली ती पाचव्या पोरीवरून. ही पाचवी कायम हसणारी. सगळ्यांची भांडणं सोडवायची, सगळ्यांना चिडवायची, पोरगा पडला की टाळ्या वाजवायची. आठ भाग झाले तरी तिची हिस्ट्री येईना. नववा भाग मी हाती दिला तेव्हा सिस्टरनी तो उलटा, सुलटा, दोन्हीकडून चाळला आणि मला म्हणाल्या, "पत्र लिही."

"कोणाला?"

"या पुस्तकवाल्याले. मी सांगतो, तू इंग्रजी कर."

मला हसू आलं, पण त्या बूट घालून ताठ बसल्या होत्या, म्हणून मी फोन काढला. त्यांनी सांगितलं ते असं: "आदरणीय महोदय, आपल्या पाच मुलींपैकी चौघींची हिस्ट्री मिळाली. पाचवीची मिळाली नाही. ही मुलगी प्रत्येक पानावर हसते. माह्या नोकरीत इतकं हसणारं माणूस मी तीन वेळा पाहिलं. तिन्ही वेळा आम्ही विचारायला उशीर केला. कृपया पुढल्या भागात हिची हिस्ट्री घ्यावी. आपली, सिस्टर, निवृत्त."

'तिन्ही वेळा'ची ओळ टाइप करताना माझं हसू गेलं होतं. प्रकाशकाच्या पत्त्यावर मेल धाडली. दोन मिनिटांत उत्तर आलं, तसं ते सगळ्यांनाच आपोआप जातं: आपला संदेश मिळाला, आभारी आहोत. सिस्टरनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

"मिळाला म्हणतात ना? मंग झालं."

पंधरा-वीस दिवसांनी मी लॅबमधून आले तर त्या दारातच उभ्या होत्या. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तुह्या खोलीतली पोट्टी क्लासले जात नाही," त्या म्हणाल्या.

"जाते हो सिस्टर. रोज माझ्या आधी निघते. नऊला."

"निघते. पण क्लासले जात नाही. तिचे हात पाहिले का तू? कोपरापासून खाली पार रापले. क्लासमध्ये पंख्याखाली बसणारी पोट्टी अशी रापते काहून? अन् हसणं पाह्य तिचं. आपली गोष्ट संपायच्या आधीच हसून मोकळी होते. ती ऐकूनच नाही राहिली."

सरितेच्या आणि माझ्या पलंगात दोन हातांचं अंतर होतं. पाच महिने आम्ही एका आरशात केस विंचरत होतो.

त्या संध्याकाळी सिस्टरनी अंगणात मटारची परात घेतली आणि सरितेला समोर बसवलं. मला म्हणाल्या, तूही बस, सोल. बराच वेळ तिघी मटार सोलत राहिलो. सरितेनं लॅबच्या डॉक्टरची नक्कल केली, मग गल्लीतल्या आजोबांची. सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"दिनभर कहाँ बैठती है बेटा?" त्यांनी विचारलं.

"क्लास में, आंटी! और कहाँ?" सरिता हसली.

सिस्टर गप्प. मटार सोलणं चालू. दवाखान्यात पेशंट खोटं बोलला की त्या असंच करत असणार, कारण त्या गप्प बसण्यात घाई अजिबात नव्हती. सरितेनं आणखी एक विनोद केला. तो अर्ध्यातच राहिला.

"बूढ़ा तालाब," ती म्हणाली. "बगीचे में. बेंच पर."

मग सगळं आलं. क्लासमधलं गणित पहिल्या महिन्यातच तिच्या डोक्यावरून जायला लागलं. एकदा शिकवणाऱ्यानं तिला फळ्यापाशी उभं केलं, दीडशे पोरांसमोर, आणि येईना तर तसंच तासभर उभं ठेवलं. ती हसत उभी राहिली. दुसऱ्या दिवशीपासून पाऊल त्या दाराशी गेलंच नाही. चार महिने ती रोज डबा घेऊन निघे, तळ्याकाठी बसून डबा खाई, पाचला परत येई. गावात बाबूजी सगळ्यांना सांगत होते, मुलगी बँकेत साहेब होणार. आणि पुढच्या रविवारी बाबूजी भेटायला येणार होते.

"मैं घर नहीं जाऊँगी आंटी," ती म्हणाली. "मैं कहीं नहीं जाऊँगी." हे म्हणतानाही चेहरा हसराच होता.

सिस्टरनी परात बाजूला केली. "बिलकुल मत जा कहीं. इतवार तक मेरे पास सो."

ते पाच दिवस सरिता सिस्टरच्या खोलीत झोपली, आणि सिस्टरनी तिला एकही उपदेश केला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "बाबूजीले तूच सांगशीन. मी नाही सांगणार. पण मी बाजूले बसीन."

रविवारी बाबूजी, गावचे गुरुजी, आले. पांढरा सदरा, हातात अइरसाचा डबा. अइरसा म्हणजे आपल्या अनारशाचा तिकडचा भाऊ. आल्याआल्या त्यांनी सिस्टरला विचारलं, "हमारी बिटिया पढ़ती तो है न, बहनजी?" सिस्टरनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, बीपी घेतला, ठीक आहे म्हणाल्या, आणि मग सरितेशेजारी तख्तावर बसून तिचं मनगट हातात धरलं.

सरिता बोलली. आधी नेहमीसारखी हसली, मग थांबली, मग बोलली, तळ्याच्या बाकापर्यंत सगळं. तिचं बोलणं होईस्तोवर सिस्टरची तीन बोटं नाडीवर होती आणि नजर ब्लाउजवरच्या उलट्या घड्याळावर. गुरुजी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी डब्याचं झाकण काढून पुन्हा घट्ट लावलं. मला वाटलं आता आवाज चढेल.

"खाना खाती थी न दिन में?" त्यांनी विचारलं.

"हव," सरिता म्हणाली. "डब्बा ले जाती थी."

"धूप में?"

"पेड़ था बाबूजी."

तेव्हा ती रडली. पाच महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. गुरुजी उठून तिच्यापाशी गेले, पण डोक्यावर हात ठेवायचा की काय करायचं हे त्यांना सुचेना. तेवढ्यात सिस्टर मनगट सोडून उठल्या. "एक सौ बीस था, अब नब्बे है," त्या म्हणाल्या. "गुरुजी, अब आप बैठो यहाँ." आणि मला घेऊन आत चहा टाकायला गेल्या. चहात त्यांनी साखर दोनदा घातली. मी पाहिलं आणि कप धुवायला घेतले.

गुरुजींनी तिला गावी नेलं नाही. तिनंच महिन्याभरात गोल बाज़ारात चष्म्याच्या एका दुकानात नोकरी धरली. डोळे तपासायचा कोर्स मालकानंच करवला. आता तिथं येणारं गिऱ्हाईक चष्मा घालून आधी तिच्याकडंच बघतं, कारण ती विचारते, "अब बताइए, मैं कैसी दिख रही हूँ?"

मी दोन वर्षांनी नागपूरला गेले, तिथल्या लॅबमध्ये. मांगा चालूच होता. नवा भाग आला की मी वाचायची आणि रायपूरला पाठवायची. सिस्टरचा फोन येई: "पाचवीचं काही नाही यातही." गेल्या हिवाळ्यात शेवटचा भाग निघाला, तो मात्र मी पोस्टानं धाडला नाही. सुट्टी काढून स्वतः घेऊन गेले.

आधी गोल बाज़ारात सरितेला गाठलं. पुस्तक पाहून तिनं दुकानातच दोन पोरींचे आवाज काढून दाखवले. मग म्हणाली, "घर जा रही है न? डोंगरगढ़ वाली आंटी मिलेंगी. सिस्टर आंटी के साथ ही रहती हैं अब."

"कोण?"

सरितेनं काउंटरवरून पुढं वाकून हळू आवाजात सांगितलं. सिस्टरचे यजमान रेल्वेत गार्ड होते, रायपूर-डोंगरगढ़-गोंदिया करायचे. डोंगरगढ़ला त्यांचं दुसरं घर होतं. ही त्या घरची बाई.

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. "तुला कोणी सांगितलं?"

"सिस्टर आंटी ने. और कौन बताएगा?"

"कधी?"

"बहुत पहले. तू यहीं थी तब." तिनं चष्म्याची काच फुंकर घालून पुसली. "मैंने पूछा था."

तिनं टोचून म्हटलं नव्हतं. मला मात्र घरापर्यंतच्या रिक्षात दुसरं काही सुचलं नाही. सिस्टरला रडवणारी अकरा पुस्तकं मी त्या घरात नेली होती. दोन वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांना साखर दोनदा घालताना पाहिलं, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

दार एका ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाईनं उघडलं. "आइए, आइए, फोन आया था आपका," म्हणत तिनं मला आत घेतलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली. सिस्टर अंगणात होत्या, त्याच खुर्चीत, बूट घालून. त्यांनी माझा हात धरला, अर्धं मिनिट सोडला नाही, मग पुस्तक घेतलं. या वेळी सगळं वाचलं, गर्दीसकट. मी शेजारी बसून होते.

पाचव्या पोरीची हिस्ट्री त्यातही नव्हती. पोरानं शेजारणीला निवडलं, पाचवीनं टाळ्या वाजवल्या, संपलं.

"राहू दे," सिस्टरनी पुस्तक मिटलं. "सगळेच पेशंट सांगत नसतात."

"आणि तुम्ही?" मी म्हटलं. "तुमची हिस्ट्री?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली.

"तुले सरितानं सांगितलं."

"थोडं. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. गार्डसाहेब अकस्मात गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं, भंतेजी बसले होते, आणि मागं दारापाशी एक अनोळखी बाई हमसून हमसून रडत होती. रडता रडता ती धाडकन पडली. घरात नर्स एकच. सिस्टरनीच तिचे पाय उंच केले, तोंडावर पाणी मारलं, बीपी घेतला. शुद्धीवर आल्यावर विचारलं, बाई, तुम्ही कोण? तिनं सांगितलं.

"मी बीपीचा पट्टा तिच्या हाताचा सोडत होतो तेव्हा," सिस्टर म्हणाल्या. "भोवती लोक काय समजले? सिस्टर किती खंबीर! कोणाले काय माहीत, मले त्या बीपीचा आकडाच वाचता येईना."

"राग नाही आला?"

"आला ना! तीन वर्षं आला. साहेबाच्या फोटोले हार घालणं बंद केलं मी. मंग एक दिवस तिचा फोन. दीदी, पाय सुजले, इथं कोणी नाही, काय करू? मी म्हटलं, मीठ बंद कर, अन् फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मीठ बंद केलं म्हणे, आता? मी म्हटलं बीपी घे. मंग रोज फोन करून बीपी सांगे. एकशे साठ, शंभर. एकशे पन्नास, नव्वद." त्या हसल्या. "रोज सकाळी तुले आपला बीपी सांगणाऱ्या बाईवर तू किती दिवस रागावशीन? थकलो मी. म्हटलं, ये इकडेच, रोज माझ्या डोळ्यासमोर राहशीन."

"आणि तुमचं रडणं?"

सिस्टरनी वर पाहिलं. अंगणातल्या दोरीवर दोन साड्या वाळत होत्या.

"त्या दिवशी नाही जमलं," त्या म्हणाल्या. "ती रडून राहिली होती ना. दोघी रडलो असतो तर बीपी कोण घेते?" आणि मग त्या रडल्या. फार नाही, पदराचा एक कोपरा भिजेल इतकंच. मला नाडी मोजता येत नाही, तरी मी त्यांचं मनगट हातात घेऊन बसले.

आतून आवाज आला, "दीदी, खाना!" आणि पाठोपाठ, "नमक कम है, फिर मत बोलना."

"हिच्याच बीपीपायी माझंही मीठ गेलं," सिस्टर डोळे पुसत उठल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना सिस्टर भाजीवाल्याचा हात धरून उभ्या होत्या, म्हणून डोंगरगढ़वाल्या आंटीच मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. माझी पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी जरा संकोचून विचारलं, "पीछे वाले कमरे में आप ही रहती थीं न?"

"हो," मी म्हटलं.

"खिड़की की कुंडी आपसे टूटी थी?"

माझ्याकडूनच तुटली होती, पहिल्याच थंडीत. दोन वर्षं मी तिथं दोरी बांधून काम भागवलं होतं.

"मैंने नई लगवा ली," त्या म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या मांडीवर नीट ठेवली.